कुंदाताईने नटवलेली घरं

ऑस्ट्रेलियात घर विकायला काढलं की स्वयंपाकघराच्या ओट्यावर काचेच्या भांड्यात पिवळीधमक लिंबं ठेवतात. खोटी. खरी ठेवली तर सुकतात, आणि सुकलेलं लिंबू बघून घर घ्यायला आलेला माणूस बिथरतो म्हणे. पलंगावर उशांचा ढीग असतो, पण चादरीखाली गादीच नसते, पुठ्ठ्याची खोकी रचलेली असतात. बाथरूममध्ये शुभ्र टॉवेल टांगतात आणि त्याला कोणी हात पुसला तर भाड्याने टॉवेल देणारी कंपनी भांडायला येते. हे सगळं मला कुंदाताईने सांगितलं, डिलाईल रोडवरच्या आमच्या घरात, आमच्या ओट्याला टेकून, आमच्याच डब्यातली शंकरपाळी खात. सांगताना ती इतकी हसायची की चुरा माझ्या अंगावर उडायचा. त्या हसण्यावर माझा फार जीव होता. आज तिच्यावर लिहायला बसले तर पहिल्यांदा राग येतो. तो लपवून लिहिणं मला जमणार नाही.

आमचा टॉवर होण्याआधी तिथे चाळ होती, आणि चाळीत आमची खोली कुंदाताईच्या खोलीला लागून होती. माझ्यापेक्षा ती सात-आठ वर्षांनी मोठी. तिची आई लवकर गेली. वडील गिरणी बंद पडल्यावर मिळेल ते काम करत फिरायचे, त्यामुळे ती वाढली ती माझ्या आईच्या पदराखाली. आई बालवाडीची बाई होती. तिने कुंदाताईला अक्षरं शिकवली, वेणी घालायला शिकवलं, आणि रोज संध्याकाळी आमच्या भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोसमोर बसवून बुद्धवंदना पाठ करून घेतली. मी पाली शब्दांत अडखळायचे. कुंदाताई मात्र घडाघडा म्हणायची, आणि म्हणता म्हणता माझ्या पाठीत चिमटा काढायची. आई मला ओरडायची.

लग्न होऊन ती नवऱ्याबरोबर दुबईला गेली, तिथून मेलबर्नला. दोन्हीकडे तिने विकाऊ घरं साफ करून सजवणाऱ्यांकडे कामं केली. नवऱ्याशी पटेनासं झालं तेव्हा ती एकटी परत आली आणि घोडपदेवला दुसऱ्या मजल्यावर एक छोटं घर घेऊन राहिली. येताना तिने दोन गोष्टी आणल्या होत्या. एक निळी ट्रॉली बॅग, आणि दुसरी म्हणजे एक धंदा, जो आमच्याकडे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हता. आमच्या भागात टॉवर उभे राहत होते, जुने लोक त्यांत मिळालेली घरं विकून कल्याण-बदलापूरला चालले होते. अशी घरं विकण्याआधी नटवून द्यायची, हे तिचं काम. ती त्याला स्टेजिंग म्हणायची. आई म्हणायची, "म्हणजे मुलगी दाखवायची असते तसंच की गं."

"तसंच काकू," कुंदाताई म्हणायची. "फक्त इथे मुलीला पोहे करायला लागत नाहीत."

नव्या घरात शिरली की तिची एक ठरलेली पद्धत होती. उंबऱ्यावर थांबायची, डोळे मिटायची आणि वास घ्यायची. घरवाले अवघडून उभे. मग डोळे उघडून सरळ सांगायची, "हिंग. कापूर. आणि कोणाचे तरी मोजे." घराला स्वतःचा वास कळत नाही, असं तिचं म्हणणं. मग ती भर दुपारी सगळे दिवे लावायची, अर्धं सामान शेजाऱ्यांकडे पाठवायची आणि भिंतीवर थाप मारून घरालाच विचारायची, "काय गं, दमलीस? बघ, आता कशी दिसशील." घर तिच्या लेखी बाईच होतं.

देशोदेशीचा फरक ती फार मजेत सांगायची. दुबईत म्हणे घर रिकामंच दाखवतात. नवा रंग, एसी फुल्ल, आणि आत एक खुर्चीसुद्धा नाही, कारण दुसऱ्याची वापरलेली वस्तू दिसली की घेणाऱ्याचं मन उडतं. मेलबर्नला उलटं. तिथे घर भरलेलं हवं, पण कोणाचंच नको. मालकाचे फोटो, पोरांची बक्षिसं, फ्रीजवरचे चिटोरे, सगळं खोक्यात. येणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार दिसला पाहिजे. आणि मालकाने त्या वेळी घरात थांबायचं नाही, हा तिथला पहिला नियम.

"आणि मुंबईत?" मी विचारलं होतं.

"मुंबईत काय विचारतेस, रंजे. इथे बायर आला की आधी नळ सोडतो. मग टाइल ठोकून बघतो. मग संडासात डोकावतो. आणि हे सगळं करताना तुझ्याशी गप्पा मारत मारत तुझं आडनाव काढून घेतो. तिथे लोक घर बघतात. इथे घरात कोण राहत होतं ते बघतात."

हे ती हसत सांगायची आणि आम्हीही हसायचो.

तिचं इथलं पहिलं मोठं काम लालबागच्या परबांचं. परब आजोबांना घर विकून सावंतवाडीला जायचं होतं. कुंदाताईने उंबऱ्यावर वास घेतला आणि फर्मान काढलं, घर विकेपर्यंत मासे बंद. आजोबा खवळले. "घर इकूक काढला गो बाय, जीभ नाय!" पण सुनेने कुंदाताईची बाजू घेतली. मग पडदे धुतले, लिंबाच्या साली उकळल्या, आणि मेलबर्नच्या पद्धतीप्रमाणे वासासाठी कुंदाताईने गॅसवर कॉफीचं आधण चढवून ठेवलं. आजोबा खालच्या मजल्यावरच्या मित्राकडे जाऊन बांगडा खायचे आणि येताना बडीशेप चघळत यायचे. एकदा शर्टाच्या खिशात तळलेल्या सुरमईची तुकडी घेऊन वर आले आणि सुनेने इस्त्रीच्या वेळी तेलाचा डाग पकडला. त्या घरात आठवडाभर कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

मग घर बघायला आलं एक बंगाली कुटुंब. बाई सगळीकडे फिरली, नाक उडवलं आणि म्हणाली, "इतना कॉफी कौन पीता है?" नंतर तिने विचारलं, मच्छीचा बाजार किती लांब आहे. आजोबा कोपऱ्यात बसले होते, ते ताडकन उठले आणि त्या बाईला खिडकीशी घेऊन गेले. बाजार कुठे, कोणाकडून घ्यायचं, पापलेट कधी ताजं मिळतं, सगळं मोडक्या हिंदीत समजावलं. घर तिथेच ठरलं. कुंदाताईला कोणी विचारलंसुद्धा नाही.

ही गोष्ट ती स्वतःवरच हसत सांगायची. पण त्यातून ती जे शिकली ते मला तेव्हा नीट कळलं नाही. ती म्हणाली, "माझी चूक काय झाली? मी आधी विचारलं नाही, येणार कोण आहे ते."

त्यानंतर ती विचारायला लागली. एजंटला फोन करून येणाऱ्याचं आडनाव काढायची, गाव काढायची, आणि त्याप्रमाणे ती ट्रॉली बॅग उघडायची. बॅगेत उशांचे अभ्रे होते, प्लॅस्टिकची तुळस होती, पितळी समई होती, तोरण होतं. गणपतीची फ्रेम होती, श्रीनाथजींची होती, एक मदर मेरीसुद्धा होती. गुजराती कुटुंब येणार असेल तर कांदा-लसणाची टोपली गायब आणि श्रीनाथजी भिंतीवर. माझगावचं ख्रिश्चन जोडपं येणार असेल तर मेरी. दुपारी एक, संध्याकाळी दुसरा. "मेलबर्नला फोटो काढून ठेवायचे असतात," ती म्हणायची. "इथे नुसते काढून भागत नाही. भिंत रिकामी दिसली की लोकांना जास्त संशय येतो. इथे फोटो बदलायचे असतात."

घरं भराभर जायला लागली. एजंट तिच्या मागे मागे फिरायचे. चाळीतली पोरगी कुठे पोचली, म्हणून आई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची.

मग आमचं घर विकायची वेळ आली. वडील गेले होते, आईला चौदाव्या मजल्यावर एकटीला करमत नव्हतं, लिफ्ट बंद पडली की दिवस दिवस अडकून पडायची. मी कळव्याला राहते. माझ्याच इमारतीत एक घर आईसाठी बघून ठेवलं होतं, पण इथलं विकल्याशिवाय ते घेता येणार नव्हतं. एजंट दोन-तीन वेळा लोक घेऊन आला. सगळे छान छान म्हणायचे, भिंतीकडे बघायचे, आणि नंतर त्यांचा फोन यायचा नाही. कोणी काही बोलायचं नाही. बोलले असते तर निदान भांडता आलं असतं.

कुंदाताई म्हणाली, "काकू, माझ्यावर सोडा."

आईची एकच अट होती. निळ्या कोटातला फोटो वडिलांनी चाळीत लावला होता. चाळ पाडली तेव्हा तो सगळ्यात शेवटी उतरवला आणि टॉवरमध्ये सगळ्यात आधी लावला. आताही तसंच करायचं. घर विकून किल्ल्या देईपर्यंत तो भिंतीवरून हलायचा नाही.

"घर नाही गेलं तरी चालेल," आई म्हणाली. "पण तो नाही हलवायचा."

"काकू, मी हलवीन का? तुमच्या गळ्याची शपथ," कुंदाताई म्हणाली, आणि खरंच आईच्या गळ्याला हात लावला. मग फोटोकडे बघून हात जोडले. मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

एका शनिवारी दादरचं एक जोडपं येणार होतं. कुंदाताईने आईला सकाळीच बाहेर काढलं, मालकाने थांबायचं नाही म्हणून. मी अर्ध्या दिवसाचं ऑफिस करून थेट मावशीकडे आले होते, गळ्यात ओळखपत्राची पट्टी तशीच. आई सकाळपासून तिथेच होती. जेवण झालं आणि आईच्या लक्षात आलं की बीपीची गोळी घरीच राहिली. मी म्हटलं मी आणते, पण आई म्हणाली एव्हाना ते लोक गेले असतील, दोघीच जाऊ. वाटेत तिने भाजीही घेतली.

लोक गेले नव्हते. दार उघडं होतं. कुंदाताई घर दाखवायच्या वेळी दार उघडंच ठेवायची, उजेड बाहेरपर्यंत यावा म्हणून. पॅसेजमध्येच आम्हाला आतलं बोलणं ऐकू आलं. दादरच्या बाई फार गोड आवाजात विचारत होत्या, "गणपती किती दिवसांचा असतो तुमच्याकडे?"

"दीड दिवसाचा," कुंदाताई म्हणाली. ठाम.

"अच्छा. आणि गौरी? खड्यांच्या की उभ्याच्या?"

प्रश्न दिसायला साधा. खडे पूजायचे की मुखवट्यांच्या उभ्या गौरी बसवायच्या, एवढंच. पण त्याच्या उत्तरावरून विचारणाऱ्याला कळतं की तुम्ही कुठले, कोणाच्यातले. गणपतीचं कुंदाताईला सगळं माहीत होतं, लालबाग-परळात वाढलेल्या कोणाला नसतं? गणपती रस्त्यावर असतो. गौरी घरात येतात, आणि त्या घरांत आम्हाला कधी कोणी नेलं नव्हतं.

"दोन्ही," कुंदाताई म्हणाली.

एका घरात दोन्ही नसतात, हे मला नंतर कळलं. आणि नेमक्या त्याच वेळी आई दारात उभी राहिली, हातात मेथीच्या जुड्या घेऊन, आणि तिच्या मागे मी. दादरच्या बाईंनी वळून बघितलं. "ह्या कोण?"

कुंदाताईचा चेहरा मला अजून दिसतो. तिने आईकडे बघितलं, मग त्या बाईंकडे, आणि म्हणाली, "ह्या ना? ह्या आमच्याकडे कामाला असतात. आणि ती त्यांची मुलगी."

आईने भिंतीकडे बघितलं. तिथे गणपतीची फ्रेम होती, झेंडूचा हार घातलेली.

आई आत आली, मेथी ओट्यावर ठेवली आणि खाली वाकली. ओट्याखाली सिलिंडरच्या मागून चादरीत गुंडाळलेला आमचा फोटो डोकावत होता. तिने तो बाहेर काढला, पदराने काच पुसली. मग हॉलमध्ये येऊन गणपतीची फ्रेम दोन्ही हातांनी भिंतीवरून उतरवली, हार सांडू न देता, आणि कुंदाताईच्या हातात दिली. "हा घे. जपून ने." खिळा वर होता. गणपती उतरवताना तिचा हात कसाबसा पोचला होता, पण फोटोची दोरी त्यात अडकेना. तिने त्या दादरच्या गृहस्थांना सांगितलं, "दादा, तुम्ही उंच आहात, तेवढा लावून देता?"

त्यांनी दिला लावून. सवयीने जरा मागे होऊन सरळ आहे का तेही पाहिलं. मग बहुधा त्यांच्या लक्षात आलं काय झालं ते, कारण त्यांचे कान लाल झाले. "कळवतो," म्हणाले आणि दोघं निघून गेले.

कुंदाताई फ्रेम छातीशी धरून उभी होती. आधी ती चिडली. "काकू, पाच मिनिटं उशिरा आला असता तर! झालंच होतं जवळजवळ."

आई ओट्याशी जाऊन मेथीच्या जुड्या सोडायला लागली.

"मी काय माझ्यासाठी करते? मला नाही माहीत आपण कोण ते? काकू, मी कुठल्या कुठल्या देशात बघितलंय, घर विकायचं तर मालकाला लपवायलाच लागतं."

"लपवलं असतंस तर मी लपले असते," आई म्हणाली. "गेलेच होते ना सकाळपासून बाहेर? पण तू शपथ घेतली होतीस, आणि त्याला सिलिंडरच्या मागे टाकलंस. आणि मला माझ्याच घरात कामवाली केलंस."

"तोंडातून गेलं, काकू. त्या गौरींनी माझं डोकंच चालेना."

"तोंडातून गेलं नाही गं. तुला तेच आधी सुचलं."

कुंदाताईने बॅग भरली. समई, तुळस, अभ्रे. जाताना आईच्या पाया पडायला वाकली, तेव्हा आई मेथी निवडायला बसली होती आणि तिने पाय आखडून घेतले. मी लिफ्टपर्यंतसुद्धा गेले नाही. परक्या बाईने ते वाक्य म्हटलं असतं तर मी तिथेच तिच्या अंगावर धावले असते. आमच्याच ताटात जेवून मोठी झालेल्या बाईने म्हटलं तर काय करायचं, हे मला आजही कळलेलं नाही. आई त्या रात्री जेवली नाही. "माझ्याकडेच शिकली ना ती," एवढंच दोनदा म्हणाली.

घर गेलं ते पुढच्याच महिन्यात. परळला नोकरी करणाऱ्या एका नर्सबाई ड्युटी संपवून अचानक आल्या, एजंटने कळवलंही नव्हतं. घरभर वाळत घातलेले कपडे, गॅसवर सुकटाची चटणी, भिंतीवर फोटो. त्यांनी नळ सोडून बघितला, पाणी किती वेळ येतं ते विचारलं आणि लिफ्ट बंद होती, पायऱ्यांनी दमले म्हणून आईकडे चहा मागितला. चहा पितानाच हो म्हणाल्या.

कळव्याला सामान हललं. नव्या घरी वंदना ठेवायची ठरली. तोपर्यंत आईने फोटो लावला नव्हता, टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला होता. मला वाटलं खिळा मारायचा राहिलाय. पण ती म्हणाली, "कुंदाला बोलाव. तिच्या हाताने लावू दे."

मी चक्क भांडले. म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं, तिने काय केलं ते विसरलीस?

"विसरले असते तर बोलावलं कशाला असतं?" आई म्हणाली. "तिला तोंड दाखवायला जागा नाही राहिली. ती आपण नाही देणार तर कोण देणार? फोनवर नको सांगूस. घरी जा."

मी गेले. मनात नव्हतं, पण आईचा शब्द. दादरहून पेढ्यांचा पुडा घेतला आणि घोडपदेवला उतरले. जिना चढताना मी मनात वाक्यं जुळवत होते. तिला थोडं ऐकवायचं, मग निमंत्रण द्यायचं, मग ती रडेल, मग बहुतेक मीही रडेन. एवढं ठरवलं की राग बराच उतरला. खरं सांगायचं तर शेवटच्या पायऱ्या मी भराभर चढले.

दार उघडं होतं. भर दुपारी आतले सगळे दिवे लागलेले. सोफ्यावर एक नवरा-बायको बसले होते, एजंट नळ सोडून दाखवत होता. तिचं स्वतःचं घर. ते ती विकते आहे, हे मला माहीतच नव्हतं. समोरच्या भिंतीवर लक्ष्मीची मोठी फ्रेम होती. कुंदाताई मध्यभागी उभी होती, काठापदराची साडी, कपाळाला मोठी टिकली, आणि कित्येक वर्षांपूर्वी काढून टाकलेलं मंगळसूत्र गळ्यात.

तिने मला बघितलं. एक क्षण तिचा हात पुढे आला, मला ते नक्की दिसलं. सोफ्यावरच्या बाईंनीही वळून बघितलं. कुंदाताईचा हात पदर सारखा करायला वळला.

"कोण पाहिजे आपल्याला?" तिने विचारलं.

आपल्याला! जन्मभर मला रंजे म्हणणारी ही बाई. माझ्या हातातला पुडा तिला दिसत होता. तिला अजून एक संधी द्यावी असं मला वाटलं, की तिचं बिंग फोडावं असं वाटलं, ते मला सांगता येणार नाही. मी तिच्या डोळ्यांत बघून विचारलं, "कुंदा कांबळे इथेच राहतात ना?"

तिने पापणीसुद्धा हलवली नाही.

"होते पूर्वी कोणी कांबळे," ती म्हणाली. "गेले ते."

"कुठे गेले?"

"ते काही माहीत नाही," कुंदाताई म्हणाली, आणि हळूच, आवाज न करता, दार लावून घेतलं.